बाटल्या तीन, औषध एकच

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. आज बोलायचंय ते औषधाला दाद न देणाऱ्या किडीबद्दल. पण आधी आमच्या काकांची गोष्ट. आधी ऐकली असेल त्यांनी तेवढ्यात चहाचं आधण ठेवून यावं.

काकांची हापूसची बाग देवगड तालुक्यात. एका माघात गेलो, तर काका खळ्यात कपाळाला हात लावून बसलेले. मोहोर चिकट, खालची पानं तेल ओतल्यासारखी चकाकणारी, काहींवर काळी बुरशी. फांदी हलवली की तुडतुडे तडतड उडून तोंडावर. "तीन तऱ्हेची औषधा मारलंय," काका म्हणाले, "मेल्यांका आता औषध गोड लागता!" आणि पुरावा म्हणून पडवीतल्या तीन बाटल्या माझ्यापुढे ओळीनं मांडल्या. एकीवर वाघ, एकीवर वीज, तिसरीवर नुसतंच चकचकीत नाव.

म्हटलं, बारीक अक्षर वाचूया. अक्षर कसलं, मुंग्यांची रांग! काकूंचा चष्मा मागवला. पहिली बाटली: इमिडाक्लोप्रिड, १७.८ टक्के. दुसरी: इमिडाक्लोप्रिड, १७.८ टक्के. तिसरीवर थायामेथोक्झाम. काकांचा चेहरा खुलला, "ह्या बघ, वेगळा!" म्हटलं, काका, हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघंही किड्याच्या मज्जातंतूंना एकाच जागी धरतात. एकाला पुरून उरलेला तुडतुडा बहुधा दुसऱ्यालाही पुरून उरतो.

खरं तर लेबलावर वाघाएवढंच मोठं औषधाचं नाव छापायला हवं.

तर काका म्हणतात तशी एकेका किड्याला औषधाची सवय होत नाही. हजारांत दोन-चार मुळातच चिवट असतात. कुणी विष पोटातच फोडून टाकतं, कुणाच्या शरीरात ते जागेवर बसतच नाही. बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिढी यांचीच.

ही गोष्ट आजची नव्हे. १९१४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अ‍ॅक्सेल मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं सफरचंदाच्या बागांबद्दल हेच लिहिलं. फांद्यांवर फवारलेल्या चुना-गंधकाचा वाळलेला थर, आणि थराखाली सॅन होजे खवले कीड खुशाल जिवंत! डीडीटीनं किडे मरतात हे कळायला तेव्हा अजून पंचवीस वर्षं होती.

म्हणून सांगतो, बाटली नव्हे, घराणं बदला. किड्याला एकाच जागी धरणारी औषधं म्हणजे एक घराणं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, असिटामिप्रिड हे एक घराणं. डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन हे दुसरं. लागोपाठ दोन फवारण्या एकाच घराण्यातल्या नकोत. औषध मनानं वाढवू नका, दोन औषधं अंदाजानं बादलीत कालवू नका. फुलोरा उमललेला असताना तर हात आवराच, माश्या नसतील तर फळ धरणार कसं? आणि झाडात ऊन शिरेल एवढी विरळणी करा. तुडतुड्यांना दाट, काळोखी बाग आवडते. घराणं बदला, बाटली नव्हे.

काका आता दुकानात गेले की आधी बाटली फिरवून मागची बाजू वाचतात. काकूंचा चष्मा तेव्हापासून त्यांच्याच खिशात असतो. काकू आपल्या रेडिओ ऐकतात.