जांभळ्या टोकांचं पांढरं फूल

(दृश्य: फोंड्यातला एक फ्लॅट. बाहेर पाऊस. अंधाऱ्या हॉलमध्ये टाकीचा निळा उजेड.)

आषाढातली रात्र. वीज गेली की शेजारीपाजारी मेणबत्ती शोधतात, मी पंपाचा आवाज ऐकतो. इन्व्हर्टरवर पंप चालू झाला, पाणी हललं, की जीव खाली पडतो. ही टाकी तीन फुटी आहे, साधारण १८० लिटर खाऱ्या पाण्याची. आत दोन क्लाउनफिश आहेत, ऑसेलॅरिस जातीचे. भगवा रंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. या जोडीला घर हवं म्हणून मी समुद्रफूल आणायला निघालो, तिथून ही गोष्ट सुरू होते.

समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोनी. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे. मधे तोंड, भोवती शुंडकं, खाली खडकाला धरून ठेवणारा पाय. आंजुण्याच्या खडकांत सुकतीच्या वेळी साचलेल्या पाण्यात वाकून पाहिलंत तर याचे छोटे भाऊबंद दिसतील. क्लाउनफिशना मात्र कुठलंही चालत नाही. क्लाउनफिशच्या जाती तीसच्या आसपास आहेत आणि त्यांना घरात घेणारी समुद्रफुलं मोजून दहा. त्यातही प्रत्येकाची आवड ठरलेली. मरून क्लाउन समुद्रात फक्त बबल टिप नावाच्या समुद्रफुलात राहतो. क्लार्की मात्र दहाही घरं फिरलेला, कुठेही पथारी टाकतो. आमचा ऑसेलॅरिस निसर्गात तिघांकडेच जातो: मॅग्निफिका, जायजँटिया आणि मर्टेन्सी.

मग या तिघांपैकीच एक आणायचं ना? मीही तसंच समजत होतो.

(दृश्य: टेपने टाकीची लांबी मोजणारा हात.)

मॅग्निफिकाला दुकानात रित्तेरी म्हणतात. ते पूर्ण वाढलं की मीटरभर पसरतं. माझी टाकी तेवढीसुद्धा लांब नाही. शिवाय त्याला भरपूर उजेड आणि जोरदार प्रवाह लागतो. मनासारखी जागा मिळेपर्यंत ते काचेवरून चालत राहतं. बाकीची दोन गालिच्यासारखी पसरणारी, कार्पेट. नाजूक आणि अवाढव्य. त्यांचंच आणखी एक भावंड आहे, हॅडोनी, वाळूत पाय रोवणारं. दिसायला झकास, पण चुकून अंगावर आलेला छोटा मासा पकडून गिळतं. माशाची पसंती पाहून फूल घ्यायला निघालो असतो तर टाकीच बदलावी लागली असती.

पहिल्यांदा मी काय आणलं ते सांगतो, कारण ते बरेच जण आणतात. दुकानात पांढरंशुभ्र फूल होतं, शुंडकांची टोकं जांभळी. दुकानदार म्हणाला, ‘‘घे रे, याच्यात मासे लगेच बसतील.’’ मी घेतलं. पांढरा रंग म्हणजे आजार, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडातून अन्न तयार करतं आणि मालकाला पोसतं. निरोगी फुलाचा तपकिरी रंग बराचसा या शैवालामुळे असतो. शैवाल निघून गेलं की फूल पांढरं पडतं आणि उपाशी मरू लागतं. भडक पिवळं, गुलाबी फूल दिसलं तर आणखी सावध व्हा, अनेकदा ते रंगात बुडवलेलं असतं.

माझं पांढरं फूल तीन आठवडे टिकलं. शेवटच्या दिवशी तोंड उघडं पडलं, आतला भाग बाहेर लोंबू लागला आणि हॉलभर सडलेल्या अंड्यासारखा वास सुटला. आई म्हणाली, ‘‘बाबा, हे आधी बाहेर काढ.’’ आईचं बरोबर होतं. मेलेलं समुद्रफूल टाकीत राहिलं तर सगळं पाणी नासवतं.

(दृश्य: जवळून, तपकिरी-हिरवं फूल. शुंडकांची टोकं फुग्यांसारखी.)

हे दुसरं. बबल टिप. ऑसेलॅरिस समुद्रात याच्याकडे फिरकत नाही, टाकीत पुष्कळदा फिरकतो. पण मी ते घेतलं ते माझ्या टाकीला झेपेल म्हणून. हे खडकाच्या भेगेत पाय घालून बसतं, फार अवाढव्य होत नाही, आणि मुख्य म्हणजे टाकीतच दोन तुकडे होऊन वाढतं. म्हणजे समुद्रातून ओरबाडलेलं घ्यायची गरज नाही. म्हापशातल्या एका मित्राकडे असंच दोन झालेलं होतं, त्यातलं एक त्याने दिलं.

आता नीट पाहा. तोंड मिटलेलं आहे. बोट लावलं की शुंडकं चिकटतात, म्हणजे दंशपेशी काम करताहेत. आणि हा पाय: कुठे फाटलेला नाही. घेताना मी सगळ्यात जास्त वेळ पायावर घालवला. काचेवरून खरवडून काढलेलं फूल बहुतेक वेळा जगत नाही.

टाकी तेव्हा वर्षाची झाली होती. नव्या टाकीत पाण्याचे गुण रोज बदलतात, समुद्रफुलाला ते सोसत नाही. तापमान २५ ते २७ अंश. गोव्यात मे महिन्यात हे सांभाळणं म्हणजे परीक्षाच. पंखा लावून पाणी गार करायची युक्ती कोरड्या गावात चालते, आपल्या दमट हवेत फारशी नाही. शेवटी हॉलचा एसी दुपारभर चालू ठेवतो, बिल बाबा भरतात. खारेपणा, म्हणजे पाण्याची सापेक्ष घनता, १.०२५ च्या आसपास ठेवायचा. समुद्राचं पाणी फुकट म्हणून आणायचा मोह होतो, पण पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखाशी खारेपणा एकदम उतरतो. मी आरओच्या पाण्यात मीठ कालवतो. फुलाला खायला आठवड्यातून एकदा बाजारातल्या सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, नखाएवढा तुकडा, बिनमिठाचा.

फूल टाकीत सोडलं त्याच रात्री ते चालू लागलं. पंपाला स्पंज बांधला होता म्हणून वाचलं, नाहीतर त्यात ओढलं जाऊन चिंध्या झाल्या असत्या. तिसऱ्या दिवशी मागच्या खडकाच्या भेगेत स्थिरावलं. पुढे दोन महिन्यांनी स्वतःच दुभंगलं आणि आता दोन आहेत.

आणि मासे? आमची जोडी हॅचरीत जन्मलेली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करायचं तंत्र बसवलंय. अशा माशांनी समुद्रफूल कधी पाहिलेलंच नसतं. त्यातला मोठा तो मादी, लहान तो नर. मादी मेली तर नर मादी होतो.

(दृश्य: दिवे मंद होतात. दोन्ही फुलं आक्रसून घेतात.)

रात्रीचे साडेदहा. फुलं मिटली. मादी काच पुसायच्या चुंबकाशेजारी येऊन आडवी झाली, तिच्या खाली नर. सात महिने हीच त्यांची जागा आहे.

(वीज येते. पंपाचा आवाज वाढतो.)