इंग्रजी कुत्री आणि त्यांची जुनी कामं

श्रोतेहो, नमस्कार.

मी गेली २२ वर्षं पुण्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपला दीड वर्षाचा बीगल घेऊन दवाखान्यात आले. कुत्रा ठणठणीत होता, तक्रार वेगळीच होती. "डॉक्टर, हा आमचं अजिबात ऐकत नाही. फिरायला नेला की नाक जमिनीला लावून ओढत सुटतो. हाका मारून मारून माझा घसा बसतो. आणि घरी एकटा राहिला की असा गळा काढतो, की सोसायटीवाले भांडायला येतात. काही औषध आहे का?"

औषध नव्हतं, कारण तो आजारच नव्हता. इंग्लंडमध्ये बीगल तयार झाला तो सशांच्या मागावर. शिकारी पायी चालायचे आणि बीगलांची टोळी वास काढत पुढे जायची. गवतातून शेपटीचं पांढरं टोक तेवढं वर दिसायचं. तेही दिसेनासं झालं की त्यांच्या लांबलचक सुरावरून माग कुठल्या बाजूला चाललाय ते कळायचं. नाक खाली, आवाज मोठा, आणि माग लागला की मालकाचाही विसर! ज्यांना आपण खोडी म्हणतो, ते गुण त्या शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवडून जपलेले आहेत. मी त्या गृहस्थांना सांगितलं, रोज अर्धा तास त्याला हवं तिथे हुंगू द्या, आणि बाहेर जाताना घरात चार ठिकाणी पोळीचे तुकडे लपवून जा. महिन्याभरानं ते आले तेव्हा त्यांचा चेहरा पुष्कळ निवळला होता.

आज मला हेच सांगायचं आहे. इंग्रजी कुत्र्याची कुठलीही जात घ्या, तिच्या स्वभावात एक जुनं काम दडलेलं असतं. ते काम माहीत नसेल, तर आपण कुत्र्यावरही अन्याय करतो आणि स्वतःवरही.

बॉर्डर कॉली बघा. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातला हा मेंढपाळाचा कुत्रा. त्याच सीमेलगतच्या नॉर्थंबरलँडमध्ये अ‍ॅडम टेल्फर नावाच्या माणसाकडे १८९३ साली एक पिल्लू जन्मलं, त्याचं नाव हेम्प. पुढे लोक त्याला ओल्ड हेम्प म्हणू लागले. तो भुंकून, अंगावर धावून मेंढ्या हाकत नसे. खाली वाकून, दबकत यायचा आणि नजर रोखायचा. त्या नजरेनंच कळप वळायचा. १९०१ साली तो गेला, तोवर त्याची पिल्लं मेंढपाळांकडे दूरवर पोचली होती. आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींच्या वंशावळीत त्याचं नाव सापडतं.

ही नजर मुळात लांडग्याची आहे. लांडगा सावज हेरतो, दबकतो, पाठलाग करतो आणि मारतो. माणसानं निवड करत करत यातलं शेवटचं पाऊल तोडलं आणि आधीची तेवढी ठेवली. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

आपल्याकडे धनगराच्या कळपाबरोबर कुत्रा असतो, तो राखणीसाठी. रात्री वाड्याभोवती लांडगा आला तर त्यानं अंगावर जायचं. इंग्लंडमधले लांडगे कित्येक शतकांपूर्वीच संपले. तिथल्या मेंढपाळाला राखणदारापेक्षा कळप वळवणारा गडी जास्त हवा होता. एका शब्दावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं कळपाला वळसा, दुसऱ्या शब्दावर उलटा, आणि तेही मालक पार लांब टेकडीवर उभा असताना! असा कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवला, तर तो घरातल्या पोरांनाच वळायला लागतो. त्यांच्याभोवती फेऱ्या घालतो, टाचांना दात लावतो. मग "कुत्रा चावतो" म्हणून आमच्याकडे येतात. ज्यांना रोज तास-दोन तास देता येणार नाहीत, त्यांनी बॉर्डर कॉली घेऊ नये, असं मी अगदी स्पष्ट सांगतो.

टेरिअरांचं नावच मातीवरून पडलंय. कोल्ह्याच्या, घुशीच्या बिळात घुसायचं हे त्यांचं काम. जॉन रसेल हे पुढे डेव्हनमध्ये पाद्री झालेले शिकारवेडे गृहस्थ. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना एका दूधवाल्याची ट्रम्प नावाची कुत्री त्यांना इतकी आवडली, की त्यांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. जॅक रसेल टेरिअर हे नाव त्यांच्यावरून आलं. तेव्हा गच्चीतल्या कुंड्या त्यानं उकरल्या तर नवल नको. रेशमी केसांचा यॉर्कशायर टेरिअर आज मांडीवर मिरवतो, पण त्याचे पूर्वज कापड गिरण्यांच्या गावांत उंदीर मारायचे. तो दारावरच्या बेलला जिवाच्या आकांतानं भुंकतो, ते त्यामुळेच.

ग्रेहाउंडाबद्दल मात्र लोकांचा उलटा गैरसमज असतो. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे पळणारा कुत्रा घरात धुमाकूळ घालेल असं वाटतं, पण तो दिवसभर झोपतो. डोळ्यानं सावज हेरून वाऱ्यासारखं सुटायचं आणि मग निवांत पडायचं, ही त्याची रीत. आपला कारवानी, म्हणजे मुधोळ हाउंड, त्याच धाटणीचा. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची जोडी इंग्लंडच्या राजाला, पंचम जॉर्जला, भेट दिली होती.

आता बुलडॉग. त्याच्याविषयी बोलताना मला वाईट वाटतं. दोराने बांधलेल्या बैलावर कुत्री सोडायची आणि त्यांनी बैलाचं नाक धरून लोंबकळायचं, असा क्रूर खेळ इंग्लंडमध्ये चाले. १८३५ साली कायद्यानं तो बंद झाला, हे उत्तमच झालं. पण बुलडॉगचं काम गेलं आणि राहिलं ते फक्त रूप. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, आणि कुत्र्याची पारख कामावरून न होता दिसण्यावरून व्हायला लागली. जुन्या चित्रांतला बुलडॉग उंच, चपळ, बऱ्यापैकी नाक असलेला दिसतो. आजच्याचं नाक चेहऱ्यात रुतलेलं आहे, आणि डोकं एवढं मोठं, की बहुतेक पिल्लं सिझेरियन करूनच काढावी लागतात. २००८ साली बीबीसीवर एका माहितीपटानं अशा जातिवंत कुत्र्यांचे हाल दाखवले, त्यानंतर क्लबनं या जातीचे निकष बदलले. तरी मूळ दुखणं संपलेलं नाही.

कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला श्वासच पुरत नाही, त्यानं नागपूरचा किंवा अकोल्याचा मे महिना कसा काढायचा? उष्माघातानं निळी पडलेली बुलडॉगची जीभ मी पाहिली आहे. तुम्हाला ती बघायला लागू नये.

कुत्र्याच्या लहान पिल्लांची मध्यस्थामार्फत विक्री करायला इंग्लंडमध्ये २०२० पासून बंदी आहे. पिल्लू जिथे वाढलं तिथेच, त्याच्या आईसकट बघून घ्यायचं. आपणही एवढं नक्की करू शकतो. पिल्लू हातात देतील, ते गोड दिसेलच. ते खाली ठेवा आणि त्याच्या आईजवळ दोन मिनिटं शांत बसा. ती जागी असताना घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर पैसे खिशात ठेवून परत या.

नमस्कार.