पांढरा ठिपका

[पडदा काळा. फक्त वारा, आणि लांबवर पवनचक्कीची करकर.]

फेब्रुवारीची रात्र. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं एडवर्ड्स पठार. चुनखडीचा उघडा खडक, मेस्किटची काटेरी झुडपं, निवडुंग, आणि नजर पोहोचेल तिथवर तारेचं कुंपण. सॅन अँजेलोच्या आसपासचा हा मुलूख मेंढ्यांचा आणि अंगोरा शेळ्यांचा.

गाडी उताराखाली लपवलेली. दार आपटायचं नाही, नुसतं टेकवायचं. इथून पुढे दोघा शिकाऱ्यांचं बोलणं बंद.

[दृश्य: थर्मल दुर्बिणीतून. करड्या रानात पांढरे ठिपके.]

हे जे दिसतंय, त्यात उजेडाचा काही संबंध नाही. आज अमावास्या असती तरी चित्र हेच असतं. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण सोडते, आणि ही दुर्बीण तेवढेच टिपते. साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून हिचं भिंग जर्मेनियमचं. हनीवेल कंपनीत अमेरिकी लष्करासाठी तयार झालेल्या या तंत्रावरचा गोपनीयतेचा शिक्का १९९२ मध्ये उठला. आज ते मेंढपाळाच्या गाडीत पुढच्या सीटवर पडलेलं असतं.

नीट पाहा. लोकरीत गुरफटलेल्या मेंढ्या अंधुक आहेत. त्यांची तोंडं आणि पाय तेवढे लख्ख. दिवसभर उन्हात तापलेले दगड अजून निवलेले नाहीत. नवख्या माणसाला पहिल्या रात्री प्रत्येक दगड जनावर वाटतो.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो कोयोट. कोल्हा म्हणावं तर मोठा, लांडगा म्हणावं तर किरकोळ. वजन साधारण दहा ते वीस किलो. नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं, स्पॅनिशमार्गे आलेलं. १८२३ मध्ये थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, कॅनिस लॅट्रान्स. म्हणजे भुंकणारा कुत्रा. नाव चपखल आहे, कारण या जनावराचा सगळा संसार आवाजावर चालतो. नर-मादी दोघंच ओरडायला लागली, तरी सूर असे झपाट्याने वरखाली होतात की ऐकणाऱ्याला दहा-बाराची टोळी वाटावी. आपल्याकडची कोल्हेकुई ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

[आवाज: सशाची किंकाळी. एकदम, कर्कश.]

घाबरू नका. हा ससा नाही, शंभर पावलांवर ठेवलेला स्पीकर आहे. ससा एरवी मुका, पण धरला गेला की तान्ह्या पोरासारखा किंचाळतो. पूर्वी हाच आवाज तोंडाने फुंकायच्या पिपाणीतून काढत. जुने शिकारी अजून एक पिपाणी गळ्यात ठेवतात. स्पीकरची बॅटरी संपते, फुप्फुसाची नाही.

आपल्या शिकारकथांत हाकारे असतात. माणसं डबे बडवत जनावराला पळवतात आणि मचाणावरच्या बंदुकीसमोर आणतात. इथे सगळं उलटं. आवाज इतका खरा हवा की जनावराने आपल्या पायांनी चालत यावं. जानेवारी ते मार्च हे त्यांचे जोडीचे दिवस, म्हणून आज सशानंतर एकट्या मादीची साद वाजेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लाचं विव्हळणं वाजवतात, आणि आई-बाप धावत येतात. मला हा प्रकार ऐकवत नाही. कायद्याने चालतो.

आणि वारा. इथे शस्त्र कितीही महागडं असो, वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही. कोयोट आवाजाकडे सरळ येत नाही. तो लांबून वळसा घेतो, वारा वास घेऊन जातो त्या बाजूला उतरतो आणि नाकाने खात्री करतो. माणसाचा वास लागला की दुर्बिणीत फक्त पाठ दिसते. म्हणून एक जण स्पीकरकडे बघतो, दुसरा वारा जातो तिकडे.

[दृश्य: उजव्या कडेला एक ठिपका. हलतोय.]

आला. पण काय आलं?

दुर्बीण सांगते की तिथे काहीतरी ऊबदार आहे. रंग नाही, डोळ्यांची चमक नाही, अंतराचा अंदाज नाही. लांबून वासरू, हरण आणि शेजाऱ्याचा राखणीचा कुत्रा सारखेच पांढरे. चाल पाहावी लागते, शेपटी कशी धरलीय ते पाहावं लागतं. आणि मागे काय आहे ते दिवसाउजेडी येऊन पाहून ठेवावं लागतं, कारण निवलेलं घर या चित्रात सहज हरवतं.

ही नुसती काळजी नाही. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात लाल लांडगा उरला आहे, जगातला अत्यंत दुर्मीळ आणि दिसायला कोयोटसारखा. कोयोट समजून लांडगे मारले जाऊ लागले. शेवटी २०१४ मध्ये न्यायालयाने पाच काउंटींत कोयोटची शिकार थांबवली, आणि पुढे झालेल्या तडजोडीत तिथली रात्रीची शिकार बंद झाली.

टेक्सासमध्ये मात्र कोयोटला ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. मेंढपाळाचं म्हणणं ऐकलं तर ते खोटंही नाही. सकाळी कुंपणाकडेला कोकरू सापडतं, गळ्यावर दातांच्या खुणा. भटकी कुत्री मागून, जागा मिळेल तिथे फाडतात. कोयोट नरडं धरतो. खुणा वाचता येणारा माणूस गुन्हेगार ओळखतो. तरीही सगळं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत साडेपाच कोटींहून जास्त मेंढ्या होत्या, आता जेमतेम पन्नास लाख. एवढ्या काही कोयोटने खाल्ल्या नाहीत. लोकरीचा बाजार बसला, कृत्रिम धागे आले.

आणि मारून तो संपतो का? सरकारी खातंच वर्षाला साठ हजारांच्या घरात कोयोट मारतं. १९७५ मध्ये कॉनोली आणि लाँगहर्स्ट या संशोधकांनी गणित मांडलं: दरसाल सत्तर टक्के मारले, तरी संख्या टिकू शकते. एकेकाळी पश्चिमेच्या गवताळ रानापुरता असलेला हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. लांडगे संपवले माणसाने, मोकळी जागा घेतली याने. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये शिकार-स्पर्धांच्या बक्षिसांवर बंदी आणली, हे मला पटतं. कोकरू वाचवणं एक, आणि ट्रॉफीसाठी मुडदे मोजणं दुसरं.

[ठिपका थांबतो. मान वर. आडवा उभा.]

शेपटी खाली. तोंड निमुळतं. मागे डोंगर. दोघांनीही मान हलवली.

[एक बार. मग वारा.]

बंदूक पुन्हा सुरक्षित. कुणी उठत नाही. जोडीदार आसपास असू शकतो, म्हणून मादीची साद परत वाजते. दहा मिनिटं काहीच नाही.

[दृश्य: जमिनीवरचा ठिपका, स्थिर.]

अजून तितकाच पांढरा आहे. अंग निवायला वेळ लागतो. टेकडीपलीकडे एकदम कल्लोळ उठला, ऐकलात? दहा तरी असतील असं वाटतंय.

बहुधा दोघंच.