फोटोतलं चाक आणि उद्यमनगरचे मिस्त्री

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. सकाळचे साडेनऊ. शटर अर्धंच वर गेलंय, लेथ अजून गार आहे, चहा तेवढा आलाय. मिस्त्रींच्या हातात आम्ही एक जुना फोटो दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाशी धरला.

फोटोत आहे बुगाटी टाइप ३५. फ्रान्सच्या मोल्सहाइम गावात एत्तोरे बुगाटीच्या कारखान्यात बनलेली शर्यतीची गाडी. ऑगस्ट १९२४ मध्ये लियोंच्या ग्रां प्रीत ती पहिल्यांदा उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिला. पुढं मात्र सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ शर्यत १९२५ ते १९२९, ओळीनं पाच वर्षं, याच गाडीच्या भावंडांनी मारली.

कोल्हापुरात जुनी गाडी म्हटलं की डोळ्यांपुढं येते दसऱ्याला निघणारी राजघराण्याची मेबॅक. पण ती मिरवायची गाडी. ही पळवायची.

दारात उभी आहे आजची मर्सिडीज एस-क्लास, चाकणच्या कारखान्यातून आलेली. डिझेल इंजिन, सहा सिलिंडर, २८६ अश्वशक्ती. बुगाटीचं इंजिन दोन लिटरचं, आठ सिलिंडर एका ओळीत, ताकद साधारण ९० अश्वशक्ती. ऐकायला फरक मोठा वाटतो. आता वजन बघा. बुगाटी साडेसातशे किलोच्या आसपास, सेडान दोन टनांच्या. म्हणजे शंभर किलोमागं तिकडं बारा घोडे, इकडं चौदा. शंभर वर्षांत वाढले दोनच! बाकीचे घोडे गादी, काच, मोटरी आणि एअरबॅग ओढण्यात खर्ची पडतात.

मिस्त्रींनी सेडानचं बॉनेट उचललं. आत काळं प्लास्टिकचं झाकण. त्यांनी ते बोटानं वाजवून बघितलं, बॉनेट खाली घेतलं आणि परत फोटो उचलला.

"आयला, ह्यात ड्रम बी संगंच वतलाय की!"

बरोबर ओळखलं. बुगाटीचं चाक ॲल्युमिनियमचं, आठ चपट्या आऱ्यांचं, आणि ब्रेकचा ड्रम त्याच ओतकामाचा भाग. चाक काढलं की ड्रम हातात येतो आणि त्याला आतून घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे शू समोर उघडे पडतात. शर्यतीत टायर बदलता बदलता शू किती झिजले तेही कळतं. पुढचा ॲक्सल आतून पोकळ, आणि स्प्रिंगचा पाटा त्याच्या पोटातून आरपार गेलेला.

पण मिस्त्रींचं बोट आरा ड्रमला मिळतो त्या कोपऱ्यावरच थांबलं. एकीकडं पातळ, एकीकडं जाड. पातळ भाग आधी गार होतो, जाड मागं राहतो, आणि धातू आकसताना नेमका तिथंच तडकतो. बिडाचं ओतकाम करण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

भाबडेपणा नको, म्हणून हेही सांगतो. त्या सुंदर चाकांतले ब्रेक तारेनं ओढले जायचे. सगळा भरवसा चालवणाऱ्याच्या पायावर. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू न देणारी यंत्रणा, एस-क्लासच्या घराण्यात आली १९७८ साली. पावसाळ्यात आंबा घाट उतरायचा असेल, तर मी गुमान सेडानमध्येच बसेन. मागच्या सीटवर.

मिस्त्रींचा चहा गार झालाय. फोटोच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलीनं एक गोल काढलाय, आत आठ रेघा.

"पॅटर्न करून द्या, वतून बघू," ते म्हणतात. "नग किती? चार, का स्टेपनी धरून पाच?"