वावरातली राखड

(पहाट. पऱ्हाटीचं पान, अगदी जवळून.)

पऱ्हाटीचं हे पान बघा. बोट फिरवलं तेवढाच हिरवा पट्टा उघडा पडला, बाकी पान करडं. बोटाला लागलंय त्याला इकडे राखड म्हणतात, वीज केंद्रात जळलेल्या कोळशाची राख. पिठाहून मऊ. अंगठ्यानं चोळली तर बोटाच्या रेघांत जाऊन बसते.

(वावरामागे वीज केंद्राच्या धुराड्यांच्या चिमण्या.)

नागपूरच्या उत्तरेला, एकमेकांपासून काही किलोमीटरवर, दोन औष्णिक वीज केंद्रं आहेत: कोराडी आणि खापरखेडा. कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. म्हणजे इथल्या मातीची आणि राखडीची गाठ पडून पन्नास वर्षं झाली.

(कोळशाच्या वाघिणी.)

राखडीबरोबर वावरात धातूही येतात. त्यांची गोष्ट सुरू होते ती इथून, कोळशापासून. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की साधारण तीस ते चाळीस किलो राख उरते. त्या कोळशात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा आणि त्यांच्याच पंगतीतलं आर्सेनिक असतं, अगदी किंचित. पण कोळसा जळतो, धातू जळत नाहीत. शंभर किलोंत विखुरलेले धातू बरेचसे त्या तीस-चाळीस किलोंत गोळा होतात.

भट्टीत हजार अंशांच्या कितीतरी वर धग असते. त्या धगीत आर्सेनिक, शिसं, कॅडमियम यांची बरीचशी वाफ होते. पुढे धूर निवत जातो, तशी ही वाफ राखेच्या कणांवर धरते. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब धरतात ना, तशी. कण जितका बारीक, तितकं त्याच्या वजनाच्या मानानं अंग मोठं. म्हणून सगळ्यात बारीक राखेवर हे धातू सगळ्यात जास्त. चिमणीच्या आधी विजेच्या भारानं राख ओढून घेणारं यंत्र असतं. ते नीट चालत असेल तर शंभरातली नव्याण्णव भागांहून जास्त राख अडते. जी निसटते ती हीच, सगळ्यात बारीक. पारा तर बराचसा वायूच्या रूपातच वर निघून जातो.

(पाइपचं तोंड. करडं पाणी पडतंय.)

आणि अडवलेली राख? तिच्यातली काही पाण्यात कालवून पाइपानं अशी राखड बंधाऱ्यात सोडली जाते. राख तळाला बसते. पाणी तिच्यात महिनोन् महिने मुरतं, आणि मुरता मुरता धातू सोबत घेऊन जमिनीत उतरतं. उन्हाळ्यात वरचा थर सुकला की वारा तो उचलतो.

(वावटळ. बंधाऱ्यावरून उठलेला करडा लोट.)

हा लोट गावाकडे निघालाय.

(कोलार नदीचा काठ.)

१६ जुलै २०२२. मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला. राखेचा चिखल नाल्यातून कोलार नदीत आणि पुढे कन्हानकडे गेला. याच कन्हानचं पाणी नागपूर शहर पितं. वाटेतल्या वावरांतही चिखल शिरला.

(धुऱ्यालगत खड्डा. फावड्यानं तासलेली कड.)

या खड्ड्याची कड बघा. वर दोन बोटं करडा थर, कोरडा, पापडासारखा तडकलेला. त्याखाली आपली काळी. तिचं ढेकूळ हातात घेतलं तर अजून ओल लागते.

काळ्या मातीचा गुणच धरून ठेवण्याचा. ती ओल धरते, खत धरते. म्हणून तर पऱ्हाटी पिकते. त्याच गुणानं ती शिसं आणि कॅडमियमही धरून ठेवते. आर्सेनिकचं वेगळं. काळीसारख्या विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, जमिनीत ते तितकं बांधून राहत नाही, पाण्याबरोबर हलतं. धानाच्या बांधीत पाणी साचून राहिलं तर ते आणखी मोकळं होतं, आणि धान ते मुळांतून ओढून घेतं. पालेभाजी कॅडमियम घेते. शेणखत कुजतं, पालापाचोळा कुजतो. धातू कुजत नाही. एकदा आला की पिढ्यान् पिढ्या राहतो.

(चाऱ्याचा भारा. गोठा. ताट.)

इथून पुढे चारा, दूध, ताट. शिसं लेकरांच्या मेंदूला बाधतं, कॅडमियम मूत्रपिंडाला, आर्सेनिक कातडीला.

(बंधाऱ्याची भिंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.)

राखड सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्यांत वापरा, असं सांगणारी केंद्र सरकारची पहिली अधिसूचना १९९९ सालची. पुढे ती अनेकदा बदलली. ३१ डिसेंबर २०२१ ला नवी आली. बंधारे अजून इथंच आहेत, भरलेले.

(पुन्हा खड्डा. शेतकऱ्याचा हात करड्या थरावर.)

उन्हाळ्यात या वावरात वखर फिरेल. हा दोन बोटांचा थर काळीत मिसळून जाईल, आणि पुढच्या वर्षी इथं कॅमेरा आणला तर तो वेगळा दिसणार नाही.