बटण कुठे आहे ते दाखवून ठेव

नमस्कार, श्रोतेहो. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर अजूनही रात्री गेटला पिशवी अडकवून ठेवतात. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, हॉर्न वाजवत येतो, पिशवीत पाव टाकतो आणि पुढे जातो. स्वयंपाकघरात त्याला कोणी बोलावत नाही. स्मार्टफोनातल्या ॲपचंही तसंच. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळी खोली देतं, बाहेर डोकवायचं तर मालकाला विचारावं लागतं. मालक म्हणजे तुम्ही-आम्ही. घोळ होतो तो तिथेच.

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे पत्रिकांचा पाऊस. शेजारच्या काकांना भाच्याच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर एक आली. नावाच्या शेवटी ‘एपीके’. पत्रिका म्हणजे फोटो असतो नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अख्खं ॲप. फोनने अडवलं, तर काकांनी सेटिंग्जमध्ये जाऊन बाहेरून ॲप घालू देणारं बटण सरकवलं. मग त्या पत्रिकेला मेसेज वाचायचे होते. काकांनी ‘अलाउ’ दाबलं. म्हणजे बँकेचा ओटीपी आता भलत्याच माणसाच्या हाती.

“काका, फोनने दोनदा विचारलं की हो!”

“अरे, लग्नाच्या आमंत्रणाला नको कसं म्हणायचं?”

मुलगी घरात होती म्हणून वाचले. तिने आधी इंटरनेट बंद केलं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवलं. पैसे गेलेच असते तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर, तोही लगेच.

असं काही ऐकलं की वाटतं, ॲपच्या अधिकृत दुकानाबाहेरून ॲप घ्यायचं हे दार बुजवूनच टाकावं. ॲपलने २००८ साली ॲप स्टोअर काढलं तेव्हापासून आयफोनवर हाच रिवाज. युरोपात कायद्याचा बडगा आला म्हणून मार्च २०२४ मध्ये तिथे दुसऱ्या दुकानांना वाट मिळाली. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की ॲप बाहेरून घेतलं तरी ते बनवणाऱ्याने आपली ओळख आमच्याकडे पटवलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हणाले, जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू. चोर ओळखू यावा हे मलाही पटतं. पण हौसेने चार लोकांसाठी ॲप लिहिणाऱ्या पोराने एका कंपनीच्या दारात नाव नोंदवायला का उभं राहावं?

मला विचाराल तर याचं उत्तर फोनमध्येच आहे, बूटलोडरच्या, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, कुलपात. कंपनीने अपडेट थांबवलेला माझा जुना फोन मी ते कुलूप काढून, लिनेजओएस ही मोफत प्रणाली घालून वापरतो. कुलूप काढताना फोन आधी बजावतो, आणि मग आतलं सगळं पुसून टाकतो. फोटो, मेसेज, काही उरत नाही. चिडून उपयोग नाही. चोराने तोच उद्योग केला तर त्याच्या हाती रिकामं घर लागतं. मालकाला अडवलेलं नाही, फक्त थांबून विचार करायला लावलंय. बँकेचं ॲप मात्र त्या फोनवर चालायला तयार नाही. तिथे माझा नाइलाज आहे.

बाहेरून ॲप घालायची ती परवानगी २०१७ च्या अँड्रॉइड आठपासून एकेका ॲपला वेगळी द्यावी लागते. काकांनी ती व्हॉट्सॲपला दिली होती. मी त्यांच्या पडवीत बसून काढून घेतली. काका चष्मा लावून बघत होते.

“तुझ्या फोनवर चालू आहे?”

“ब्राउझरला दिलीय. व्हॉट्सॲपला नाही.”

जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझं बंदच ठेव. पण ते बटण कुठे आहे, ते मला दाखवून ठेव.”