वाळूची टेकडी, बाटलीचा बॉल: छोटे देश रग्बीत एवढे भारी कसे?

समोर नुसती वाळूच वाळू दिसली तरी हे वाळवंट नाहीये. हे पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशातलं सिगाटोका, समुद्राला लागून वाळूच्या उंच उंच टेकड्या, आणि फिजीची सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची टीम पळायला येते ती इथे. वाळूत चढ चढायचा म्हणजे एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं, पोटऱ्या पेटतात, दम पार छातीत अडकतो, आणि वर पोचलं की परत खाली उतरून पुन्हा तेच. ना महागडं जिम, ना मशीन.

याच टेकड्यांवर घाम गाळलेली पोरं 2016 मध्ये रिओला गेली आणि ऑलिम्पिक फायनलमध्ये ग्रेट ब्रिटनला 43-7 असं हरवून आली. साधारण नऊ लाखांचा देश, म्हणजे आपल्या सोलापूर शहरात राहतात जवळपास तेवढीच माणसं, आणि त्या देशाचं हे कुठल्याही खेळातलं पहिलंच ऑलिम्पिक मेडल होतं. नंतर फिजीच्या रिझर्व्ह बँकेनं चक्क सात डॉलरची नोट काढली, सात खेळाडूंची टीम म्हणून सात, तिच्यावर कॅप्टन ओसेआ कोलिनिसाऊ, टीम आणि कोच बेन रायन.

आता लगेच कोणी म्हणेल की अहो ती बेटांवरची माणसं, हाडापेरानं दणकट, त्यांना काय अवघड. हे उत्तर मला अजिबात पटत नाही. याच टीममधला जेरी तुवाई बघा. राजधानी सुवाच्या बाहेरच्या न्यूटाउन नावाच्या गरीब वस्तीतला, उंचीनं सुद्धा फार मोठा नाही. लहानपणी हा आणि त्याचे मित्र रस्त्यातल्या गोल सर्कलच्या गवतावर खेळायचे, बॉल नसला की प्लास्टिकची बाटली घ्यायची आणि तीच पास करायची. बाटली हातातून सटकते, उलटीसुलटी उडते, पण रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तीच झेलत राहिलं की हाताला जे वळण लागतं ते पुढे कुठल्या अकॅडमीत शिकवता येत नाही. फिजीचे खेळाडू टॅकल होऊन, म्हणजे समोरच्यानं धरून पाडताना, पडता पडता एका हातानं बॉल मागच्याला देतात ना, बघणाऱ्याला जादू वाटते, ती जादू अशा गवतावरची आहे. तुवाई रिओत होता आणि पुढच्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये कॅप्टन होता, तिथे फायनलला न्यूझीलंडला 27-12 हरवलं, आणि कोविडमुळे टोकियोला ही टीम पोचली ती माल वाहणाऱ्या विमानानं, ज्यात फ्रोझन मासे पण होते. त्याआधी कित्येक महिने घरी जाता आलं नव्हतं कोणाला.

मुद्दा असा की देश केवढा याला फार अर्थ नाही, त्यातली किती माणसं रोज खेळतात याला आहे. फिजीत गावागावात, चर्चमागच्या मोकळ्या जागेत, शाळेत, पोलिसांत, आर्मीत रग्बी आहे. त्याच फिजीत गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून भारतातून नेलेल्या लोकांच्या वंशजांमध्ये मात्र फुटबॉल जास्त रुजला, कारण त्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळ्या, क्लब वेगळे. आणि शेजारचं पापुआ न्यू गिनी घ्या, फिजीपेक्षा लोकसंख्या कितीतरी पट जास्त, पण तिथे वेड आहे ते तेरा जणांच्या रग्बी लीगचं, त्यामुळे पंधरा जणांच्या, म्हणजे मुख्य रग्बीत त्यांचं नाव तुम्ही वर्ल्ड कपला ऐकलं नसेल. समुद्र तोच, खेळाची सवय वेगळी.

आता समुद्र सोडून थेट जॉर्जियात जाऊ, कॉकेशसच्या डोंगरात, लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. शुखुटी नावाच्या गावात ईस्टरच्या दिवशी वरचं गाव विरुद्ध खालचं गाव असा खेळ होतो, लेलो. बॉल कातड्याचा, आत माती ठासून भरलेली, वाईन शिंपडलेली, वजन सोळा किलोच्या आसपास, आणि शेकडो माणसं त्याच्यावर एकदम तुटून पडतात. ढकलत ढकलत आपल्या बाजूच्या ओढ्यापर्यंत न्यायचा. जिंकलेली बाजू तो बॉल वर्षभरात गेलेल्या आपल्यातल्या कोणाच्या तरी थडग्यावर नेऊन ठेवते. हे दृश्य बघितल्यावर जॉर्जियाचा स्क्रम, म्हणजे बॉलसाठी दोन्हीकडच्या खेळाडूंनी एकमेकांत अडकून केलेली ढकलाढकली, जगात एवढा का गाजतो हे वेगळं समजवावं लागत नाही. रग्बी तिथे उशिरा आली, 1959 मध्ये फ्रान्सहून आलेल्या जाक हस्पेकियाननं तिबिलिसीत शिकवायला सुरुवात केली, पण लोकांना ती परकी वाटलीच नाही. ट्रायला, म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवून केलेल्या स्कोअरला पण ते लेलोच म्हणतात.

पण सवय असून पुरत नाही आणि इथे मला खरंच राग येतो. पंधरा जणांच्या खेळात लागतात मोठ्या टीमशी नियमित मॅचेस, डॉक्टर, पगार, आणि आपले खेळाडू आपल्या हातात. फिजी, समोआ, टोंगाचे पोरगे फ्रान्स-इंग्लंडच्या क्लबात जातात कारण घर चालवायचं असतं, आणि क्लब देशासाठी सोडायला कुरकुर करतात. काही तर दुसऱ्याच देशाच्या जर्सीत दिसतात. न्यूझीलंडची टीम कित्येक वर्षं समोअन घरांतल्या पोरांच्या जोरावर उभी आहे, आणि ती टीम समोआत पहिल्यांदा टेस्ट, म्हणजे दोन देशांमधली मॅच, खेळायला गेली कधी, तर 2015 मध्ये! ऑकलंडहून विमानानं चार तासांच्या आत पोचता येतं तिथे.

दार थोडं उघडलं की काय होतं तेही दिसलंय. 2022 पासून फिजीयन द्रुआ ही टीम सुपर रग्बीत, म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या टीम्स जिथे खेळतात त्या मोठ्या लीगमध्ये आली, म्हणजे पोरांना घरी राहून, घरच्या जेवणावर, दर आठवड्याला टॉपच्या मॅचेस. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपला फिजीनं ऑस्ट्रेलियाला 22-15 हरवलं, 1954 नंतर पहिल्यांदा, आणि टीममध्ये द्रुआचे कितीतरी जण होते. क्वार्टर फायनलला इंग्लंडसमोर 30-24 वर अडकले, सहा पॉइंट फक्त.

जॉर्जियासाठी मात्र दार अजून बंदच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी कार्डिफला जाऊन वेल्सला त्यांच्याच ग्राउंडवर 13-12 हरवलं. सगळं स्टेडियम गप्प झालं होतं. अडीच महिन्यांनी फेब्रुवारीत सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या ठरलेल्या सहा टीम्सची दरवर्षीची स्पर्धा सुरू झाली, वेल्स त्यात खेळत होतं, कारण तिथे हरणाऱ्यानं खाली आणि जिंकणाऱ्यानं वर जायची सोयच नाही, आणि जॉर्जिया दुसऱ्या स्पर्धेत जर्मनी आणि नेदरलँड्सशी खेळत होतं.